पडद्यावरचं तेहरान आणि रस्त्यावरचं

'आर्गो' हा २०१२ सालचा हॉलिवूडपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना तेहरान म्हटलं की अमेरिकी वकिलातीच्या फाटकावर चढणारा जमाव आठवतो आणि बाजारात परक्या माणसांवर धावून जाणारे लोक आठवतात. तो बाजार इस्तंबूलचा आहे. त्याआधी १९९१ मध्ये आलेला 'नॉट विदाउट माय डॉटर' इस्राएलमध्ये चित्रित झाला होता आणि अलीकडची 'तेहरान' ही मालिका अथेन्समध्ये. जगातल्या असंख्य प्रेक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं तेहरान असं तीन वेगळ्याच देशांत उभं राहिलेलं आहे.

मुंबई-पुण्याहून निघालेला प्रवासी हेच तेहरान डोक्यात घेऊन विमानात बसतो. त्यात तो आपल्याकडची थोडी भर घालतो: वाळवंट, उंट, काळे बुरखे, अरबी बोलणारे लोक. शिवाय निघण्यापूर्वी आठवडाभर नातेवाइकांनी 'तिकडे कशाला मरायला चाललात?' असं विचारून झालेलं असतं.

या समजांतला पहिला पडतो तो भूगोलाचा. विमानतळ शहराच्या दक्षिणेला, उजाड माळावर आहे, त्यामुळे थोडा वेळ वाळवंटाची खात्री पटते. मग गाडी शहरात शिरते आणि उत्तरेला एल्बुर्झ पर्वताची भिंत उभी राहते. हिवाळ्यात ती पांढरी शुभ्र असते. शहराला खेटून असलेला तोचाल डोंगर चार हजार मीटरच्या आसपास उंच आहे आणि शहराच्या कडेलाच रोपवेत बसून तेहरानी माणूस बर्फावर स्कीइंगला जातो. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दरबंदच्या डोंगरवाटेवर सकाळपासून पाठीवर सॅक आणि हातात काठ्या घेतलेली माणसं दिसू लागतात. त्यांत कॉलेजची पोरं असतात आणि सत्तरीचे आजोबाही. ओढ्याच्या काठाने चहाची दुकानं असतात. रविवारी सकाळी सिंहगडावर गेलेल्या पुणेकराला तिथे पिठलं-भाकरी तेवढी कमी वाटेल.

भाषेचंही तसंच. लिपी अरबी वळणाची, पण भाषा फारसी. आणि फारसी संस्कृतची, म्हणून मराठीचीही, लांबची बहीण. इराण्याला अरब म्हटलं तर तो हसून दुरुस्त करतो, आणि दुसऱ्यांदा म्हटलं तर हसत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशी 'आपल्याला लुबाडतायत' या समजाला बळच मिळतं. नोटांवर छापलेले असतात रियाल, दुकानदार बोलतो तोमानमध्ये, आणि दहा रियालांचा एक तोमान. कागदावरचा आकडा आणि कानावर पडलेला आकडा जुळत नाही. परदेशी क्रेडिट कार्ड निर्बंधांमुळे चालत नाहीत, म्हणून सगळा व्यवहार रोखीचा. शेवटी प्रवासी वैतागून नोटांचा गठ्ठाच दुकानदारापुढे धरतो आणि दुकानदार त्यातून मोजून तेवढ्याच नोटा उचलतो. कधी तर तो पैसे घ्यायलाच नकार देतो. त्याने भुलून जाऊ नये. हा 'तारोफ' नावाचा शिष्टाचार आहे: विकणाऱ्याने 'राहू द्या, त्यात काय' म्हणायचं आणि विकत घेणाऱ्याने दोन-तीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच. खरंच फुकट समजून खिशात पाकीट ठेवणारा पाहुणा दुकानदाराला चांगलाच पेचात टाकतो.

बायकांचा विषय निघाला की प्रवाशाचे समज सर्वांत जास्त हेलकावे खातात, आणि ते साहजिक आहे. तेहरानची मेट्रो १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यात दोन्ही टोकांना बायकांचे राखीव डबे असतात. मुंबईकर बाईला त्यात नवल वाटत नाही. डब्यात केसांचे चाप, मोजे, लिपस्टिक विकणाऱ्या फेरीवाल्या बायका चढतात, एखाद्या मुलीच्या नाकावर नुकत्याच केलेल्या शस्त्रक्रियेची पट्टी असते आणि ती लपवण्याची तिला गरज वाटत नाही. रस्त्यावर बायका गाड्या चालवत असतात. शेजारच्या सौदी अरेबियात २०१८ पर्यंत असलेली गाडी चालवण्याची बंदी इराणमध्ये नव्हती. आपल्याकडे मात्र हे दोन्ही देश सर्रास एकाच खात्यात टाकले जातात. गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री मरियम मिर्झाखानी ही तेहरानची, तिथल्याच शरीफ विद्यापीठात शिकलेली. शहराच्या हमरस्त्यावरून दोन बागांना जोडणारा 'तबियत' हा पादचारी पूल २०१४ मध्ये खुला झाला. त्याची रचना लैला अराघियान या तरुण वास्तुविशारद बाईंची. स्पर्धेत त्यांचा आराखडा निवडला गेला तेव्हा त्या विशीत होत्या. संध्याकाळी त्या पुलावर फिरायला आलेली कुटुंबं पाहून प्रवासी घरी संदेश पाठवतो, 'इथे सगळं ठीक आहे, उगाच घाबरवतात लोक.'

इथेच गडबड होते. ते 'सगळं ठीक'ही खरं नसतं.

इराणी बाईच्या डोक्यावरचं कापड हा जवळपास शंभर वर्षं सरकारचा विषय राहिला आहे. १९३६ मध्ये तेव्हाचे राजे रझाशहा यांनी बुरखा आणि चादर यांवर बंदी घातली आणि पोलिसांनी रस्त्यावर बायकांच्या डोक्यावरून ती ओढून काढली. इस्लामी क्रांतीनंतर, १९८३ मध्ये, नेमका उलटा कायदा झाला आणि डोकं झाकणं सक्तीचं ठरलं. दोन्ही वेळा बाईला कोणी विचारलं नाही. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये पुरुषांचे सामने पाहायला बायकांना अनेक दशकं मज्जाव होता. वेष बदलून आत शिरण्याचा प्रयत्न केलेल्या एका तरुणीने शिक्षेच्या धास्तीने २०१९ मध्ये न्यायालयाबाहेर पेटवून घेतलं. तिच्या मृत्यूनंतर 'फिफा'चा दबाव वाढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आझादी स्टेडियमच्या एका भागात बायकांना तिकिटं मिळाली. इराणने कंबोडियाचा १४-० असा धुव्वा उडवला, पण त्या दिवशी कॅमेरे गोलांपेक्षा प्रेक्षकांकडेच जास्त वळत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये, डोकं नीट न झाकल्याच्या आरोपावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि देशभर उद्रेक झाला. तो चिरडला गेला, माणसं मेली, काहींना फाशी झाली. तरी त्यानंतर तेहरानच्या रस्त्यांवर उघड्या डोक्याने फिरणाऱ्या बायकांची संख्या वाढल्याचं तिथे जाऊन आलेल्यांनी पाहिलं. मिर्झाखानी २०१७ मध्ये वारली, तेव्हा काही इराणी वृत्तपत्रांनी तिचा उघड्या केसांचा फोटो छापण्याचं धाडस केलं होतं. ते धाडस ठरावं, यातच परिस्थिती कळते.

अल्पसंख्याकांच्या बाबतीतही हेच. इराणच्या २९० जागांच्या संसदेत ज्यूंसाठी एक, झरथुष्ट्रींसाठी एक आणि ख्रिश्चनांसाठी तीन जागा राखीव आहेत. तेहरानमध्ये सिनेगॉग चालू आहेत, आर्मेनियन चर्च आहेत, अग्यारी आहे, १९४० च्या दशकापासूनचा गुरुद्वारा आहे आणि आपलं केंद्रीय विद्यालयही आहे. पहिल्यांदा ऐकणारा चाट पडतो. पण शहराची ओळख बनलेल्या आझादी मनोऱ्याखाली उभं राहून त्याने एवढं विचारावं, की हा बांधला कोणी? १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याचे वास्तुविशारद हुसेन अमानत. स्पर्धा जिंकली तेव्हा ते चोविशीत होते. ते बहाई पंथाचे, आणि क्रांतीनंतर त्यांना देश सोडावा लागला. बहाईंना इराणच्या राज्यघटनेत मान्यता नाही, संसदेत जागा नाही आणि विद्यापीठाची दारंही त्यांना बंद.

भिंतींवर अमेरिकेच्या नावाने शिमगा करणाऱ्या या शहरातल्या समकालीन कला संग्रहालयात पिकासो, वॉरहॉल आणि जॅक्सन पोलॉक यांची चित्रं आहेत. क्रांतीपूर्वीच्या शेवटच्या शहाच्या राणीच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ती खरेदी झाली, क्रांतीनंतर तळघरात गेली, पण फाडली-जाळली गेली नाहीत, आणि अधूनमधून ती बाहेर लावली जातात. चित्रकार डी कूनिंगचं 'वुमन थ्री' हे एक चित्र मात्र १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर गुपचूप अदलाबदलीत गेलं. त्याच्या बदल्यात इराणने शाहनामा या फारसी महाकाव्याच्या सोळाव्या शतकातल्या एका अप्रतिम हस्तलिखिताची पानं मिळवली. सौदा वाईट नव्हता, निदान इराण्यांच्या लेखी.

मराठी प्रवाशाचा एक समज तर अगदी घरचा असतो: इराणी चहा. कॅम्पातल्या किंवा धोबी तलावाच्या हॉटेलात बन-मस्क्याबरोबर येतो तो दाट दुधाळ चहा तेहरानमध्ये कुठेच मिळत नाही. तिथे काचेच्या छोट्या पेल्यात बिनदुधाचा, लालसर चहा येतो. सोबत साखरेचे ओबडधोबड खडे. खडा दातांत धरायचा आणि चहाचा घोट त्याच्यातून ओढायचा. साखर पेल्यात टाकून चमचा शोधणारा पाहुणा लगेच ओळखू येतो. आपल्याकडचे इराणी हॉटेलवाले बहुतेक यझ्द आणि आसपासच्या खेड्यांतून, गरिबी आणि जाच यांना कंटाळून आलेले. त्यांचा चहा मुंबईत घडला.

मुंबई आणि तेहरान यांचं नातं त्याही पलीकडचं आहे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणमधल्या धर्मबांधवांची स्थिती पाहायला पाठवलं. त्यांनी पुढची अनेक वर्षं दरबारात खेटे घातले आणि १८८२ मध्ये झरथुष्ट्रींवरचा जिझिया कर रद्द झाला. हातरिया १८९० मध्ये तेहरानमध्येच वारले. तेहरानची फिरूझ बहराम ही प्रसिद्ध शाळा १९३२ मध्ये भारतातल्या एका पारशी गृहस्थाच्या देणगीतून, त्याच्या मुलाच्या स्मरणार्थ उभी राहिली. आणि फारसीतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' १९३३ मध्ये तयार झाला तो मुंबईत, 'आलम आरा'वाल्या अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत. अर्देशिर इराणी पुण्यात जन्मलेले. तेहरानच्या प्रेक्षकाने पडद्यावर स्वतःची भाषा प्रथम ऐकली ती मुंबईहून आलेली.

तिकडच्या माणसाच्या डोक्यातही एक भारत असतोच. 'शोले' इराणमध्ये अफाट गाजला, त्यामुळे टॅक्सीवाला अमिताभची चौकशी करतो, आणि भारतीय माणूस गाणं म्हणत नाही हे त्याला जरा खटकतं.

एवढं सगळं पाहून परतलेला प्रवासी मित्रांना काय सांगतो? 'इराणी लोक किती प्रेमळ! आणि सगळे सरकारच्या विरोधात.' पहिल्या समजाच्या जागी दुसरा येऊन बसला. तो गोड आहे एवढंच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' या पुस्तकात मांडलं होतं, की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. भेटणारे बरोबरीचे असावे लागतात, त्यांनी एकत्र काही काम करावं लागतं. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या गेल्या तर अधिक कमी होतो, असं दिसलं. पर्यटक या अटींत कुठेच बसत नाही. तो पाहुणा असतो, त्याच्याशी चांगलंच वागायचं असतं. त्याला भेटतात इंग्रजी बोलणारे, म्हणजे बहुधा उत्तर तेहरानचे, शिकलेले, खात्यापित्या घरचे लोक. दक्षिणेतला सरकारनिष्ठ कारकून किंवा मोहरमच्या मिरवणुकीत छाती बडवणारा मेकॅनिक त्याच्याशी गप्पा मारायला थांबत नाही. मग तो अस्तित्वातच नाही, असं प्रवाशाला वाटू लागतं.

जून २०२५ मध्ये इस्राएलने तेहरानवर हल्ले केले, बारा दिवस युद्ध चाललं आणि भारत सरकारला तिथल्या भारतीयांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, बाहेर काढावं लागलं. त्या दिवसांत 'सगळे सरकारच्या विरोधात' हे सूत्र घेऊन परतलेल्यांना बातम्यांचा अर्थ लावणं जड गेलं. सरकारवर चिडलेली माणसंही शहरावर बॉम्ब पडले की वेगळं बोलतात.

तेहरानला जाता येईल की नाही, हे त्या त्या वेळच्या परिस्थितीवर ठरतं, म्हणून तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना आणि व्हिसाचे नियम पाहावेत. रोख रक्कम पुरेशी न्यावी. जाणाऱ्याने वलीअस्र हा रस्ता मात्र पूर्ण करावा. सतरा-अठरा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंनी चिनार, कडेने वाहत्या पाण्याचे पाट. बहुतेक पर्यटक त्याच्या उत्तर टोकाला, तजरीशच्या बाजारात, डाळिंबं आणि सुकामेवा घेऊन परत फिरतात. रस्त्याचं दुसरं टोक रेल्वे स्टेशनापाशी, जवळपास पाचशे मीटर खाली आहे. तिथे हवा जास्त धुरकट, घरं लहान आणि इंग्रजी बोलणारे कमी. एक अख्खा दिवस तिथे काढावा.