रीफ टाकीतला चुना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लखनौहून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावे लागते. तरी या शहराचे समुद्राशी नाते आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे मुख्यालय इथेच आहे आणि या संस्थेने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभेच्या सागरी कोळंब्यांच्या पैदाशीचे काम केले आहे. घरी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्याला मात्र इथे समुद्राचे पाणी मिळत नाही. शुद्ध पाण्यात सागरी मीठ कालवून त्याला ते स्वतः तयार करावे लागते. म्हणून त्या पाण्यातल्या कॅल्शियमची आणि अल्कलिनिटीची जबाबदारीही पूर्ण त्याचीच असते.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे येते. खऱ्या समुद्रात क्षारता हजारी ३५ असताना कॅल्शियम सुमारे ४१२ पीपीएम, मॅग्नेशियम सुमारे १२८० पीपीएम आणि अल्कलिनिटी साडेसहा डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) च्या आसपास असते. टाकीत कॅल्शियम ३८० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच ठेवली की पुरते.

गैरसमज १: लखनौचे पाणी जड आहे, म्हणजे कॅल्शियम फुकटच मिळते.

वस्तुस्थिती: गंगेच्या गाळाच्या मैदानातले भूजल जड असते, पातेल्यात पांढरा थर बसतो, हे खरे. पण पाण्याचा जडपणा ३०० पीपीएम असला आणि तो सगळाच कॅल्शियमचा धरला, तरी कॅल्शियम भरते जेमतेम १२० पीपीएम. टाकीला त्याच्या तिपटीहून जास्त लागते आणि ते मिठाच्या मिश्रणात आधीच असते. उलट मे-जूनच्या लूमध्ये टाकीतले पाणी भराभर उडते. ती तूट रोज नळाच्या पाण्याने भरली, तर पाण्याची वाफ होते आणि त्यातले क्षार, नायट्रेट, सिलिकेट मागे साचत जातात. घरातला पिण्याचा आरओसुद्धा तपासून घ्यावा. अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळले जाते. टाकीसाठी आरओनंतर उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर लावावा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे.

गैरसमज २: पीएच उतरला म्हणजे अल्कलिनिटी कमी झाली.

वस्तुस्थिती: हे दोन वेगळे आकडे आहेत. जानेवारीच्या धुक्यात दारे-खिडक्या बंद असतात, माणसांच्या श्वासाने खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच उतरतो. अल्कलिनिटी तेवढीच राहते. अशा वेळी अल्कलिनिटी वाढवणारा बफर ओतला तर पीएच थोडा वेळ वर येतो, अल्कलिनिटी मात्र चढत जाते. एक सोपी चाचणी करा. टाकीतले भांडेभर पाणी गच्चीवर नेऊन तासभर त्यात एअर पंपाने बुडबुडे सोडा. पीएच वाढला, तर दोष खोलीच्या हवेचा.

गैरसमज ३: प्रवाळ कॅल्शियमचे बनतात, म्हणून कॅल्शियम तेवढे मोजले की झाले.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होते. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो घडताना कॅल्शियम व अल्कलिनिटी एका ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. कॅल्शियम २० पीपीएम उतरते तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते. म्हणजे ४२० चे ४०० झाले तर कॅल्शियमला फारसा फरक पडत नाही, पण तेवढ्यात ८ डीकेएचचे ५.२ होतात. कॅल्शियमचा साठा मोठा, अल्कलिनिटीचा लहान. म्हणून अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा तरी मोजावी. कॅल्शियम आठवड्याने किंवा पंधरवड्याने मोजले तरी चालते.

कॅल्शियम कमी दिसले की आधी क्षारता बघा. ती ३५ वरून ३१ वर आली असेल, तर कॅल्शियमही ३६५ च्या आसपास दिसणारच. तिथे कमतरता कॅल्शियमची नसून मिठाची आहे.

गैरसमज ४: प्रवाळाची वाळू आणि शिंपले टाकले की ते विरघळून भरपाई करतात.

वस्तुस्थिती: पीएच ८ च्या पुढे असलेल्या समुद्राच्या पाण्यात ॲरागोनाइट, म्हणजे प्रवाळाच्या वाळूतले कॅल्शियम कार्बोनेट, जवळजवळ विरघळत नाही. म्हणूनच ते विरघळवून टाकीला पुरवणाऱ्या कॅल्शियम रिॲक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच मुद्दाम ७ च्या खाली आणावा लागतो.

गैरसमज ५: जितके जास्त, तितके चांगले.

वस्तुस्थिती: कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही फार चढवले, किंवा त्यांची द्रावणे एकाच जागी लागोपाठ ओतली, तर पाणी पांढरे होते आणि चुना हीटरवर व पंपावर बसतो. मॅग्नेशियम हा साका रोखायला मदत करते, म्हणून तेही तपासावे. एका दिवसात अल्कलिनिटी १ डीकेएचहून जास्त वाढवू नये.

गैरसमज ६: घरातला कुठलाही सोडा, कुठलाही चुना चालतो.

वस्तुस्थिती: खाण्याचा सोडा, म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, चालतो. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला तो ३ ग्रॅम पुरतो. बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असते. चुन्याची निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणात देते, पण तिचा पीएच १२ च्या वर असतो. ती थेंबाथेंबानेच सोडावी. पानाच्या चुन्याच्या शुद्धतेची खात्री नसते, तो वापरू नये.

गैरसमज ७: परदेशी टाक्यांचे डोस आपल्यालाही लागू पडतात.

वस्तुस्थिती: त्या डोसांची वेळापत्रके बहुधा दगडी प्रवाळांनी भरलेल्या टाक्यांसाठी असतात. आपल्याकडे सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातला असो की अंदमानचा, तो काढणे आणि विकणे गुन्हा आहे. मऊ प्रवाळ, गोगलगायी आणि गुलाबी चुनशैवाल असलेल्या टाकीची भूक बरीच कमी असते. अनेकदा दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तरी भागते.

तुमच्या टाकीचा खरा डोस बाटलीवर छापलेला नसतो. तीन दिवस काहीही न घालता सुरुवातीला आणि शेवटी, दिवसाच्या एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा आणि फरकाला तीनने भागा. येणारा आकडा हा तुमच्या टाकीचा रोजचा खर्च. तेवढेच घाला, वहीत लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा.