डब्यातले मटार आणि टोपलीतला पेरू

डबाबंद मटारांचा रंग ताज्या दाण्यांसारखा पोपटी नसतो; तो शेवाळी, किंचित मळकट हिरवा दिसतो. डबा तापवताना दाण्यांतल्या हरितद्रव्यामधले मॅग्नेशियम निसटते, त्याचा हा परिणाम. रंग उतरला म्हणजे सत्त्वही गेले, अशी समजूत त्यावरूनच होते. ती निम्मीच खरी आहे.

मटार आंबट नसतात, त्यामुळे हवाबंद डब्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक जिवाणूचे बीजाणू तग धरू शकतात. ते नष्ट करण्यासाठी डबे वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. एवढ्या उष्णतेपुढे क जीवनसत्त्व आणि ब१ टिकाव धरत नाहीत. ही दोन्ही पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांचा काही भाग डब्यातल्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी बहुतेक घरांत मोरीत जाते. शंभर ग्रॅम ताज्या मटारांत सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, डब्यातल्या निथळलेल्या मटारांत ते जेमतेम १० उरते. प्रथिने, तंतू आणि बरीचशी खनिजे मात्र तापवून फारशी कमी होत नाहीत. तेवढ्याच मटारांत चारेक ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू शिल्लक असतात.

आता हेच मटार फळांशेजारी ठेवून पाहावेत. शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व ५ मिलिग्रॅमच्याही आत असते, तंतू अडीच ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने नावापुरती. म्हणजे ज्या घटकासाठी फळे खावीत असे सांगितले जाते, त्यातही डब्यातले मटार सफरचंदाच्या पुढे निघतात. पेरूपुढे मात्र त्यांचा निभाव लागत नाही. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या घरात आणि तंतू पाच ग्रॅमच्या आसपास असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची शिफारस केली; मध्यम आकाराच्या अर्ध्या पेरूत ती भागते. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदच न्यायचे आणि पेरूला हलके फळ मानायचे, ही रीत पोषणाच्या हिशेबात बसत नाही.

प्रथिनांत मटार पेरूच्या पुढे आहेत. त्यांच्यात लोहही असते, पण वनस्पतीतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. क जीवनसत्त्व सोबत असले तर ते शोषण वाढते. त्यामुळे मटारांची उसळ आणि जेवणातच पेरूच्या फोडी, ही जोडी दोन्ही जिन्नस वेगवेगळ्या वेळी खाण्यापेक्षा अधिक फायद्याची. फोडी आयत्या वेळी कराव्यात, कारण कापलेल्या फळातले क जीवनसत्त्व हवेने घटत जाते.

डब्याची खरी अडचण मिठाची आहे. मिठाच्या पाण्यात भरलेल्या शंभर ग्रॅम मटारांत सोडियम अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असू शकते. पेरूत ते दोन-तीन मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमची मर्यादा सांगितली आहे, आणि आपल्या जेवणात लोणचे-पापड असतातच. रक्तदाब असलेल्यांनी लेबल वाचावे, बिनमिठाचा डबा मिळाला तर तोच घ्यावा. नाहीतर मटार चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुवावेत, काही मीठ निघून जाते. काही डब्यांत साखरही घातलेली असते.

डबाबंद टोमॅटोची गोष्ट जरा वेगळी. तो आंबट असल्याने उकळत्या पाण्याइतकी उष्णताही पुरते, आणि त्या उष्णतेने पेशींच्या भिंती फुटून लायकोपीन हे लाल रंगद्रव्य मोकळे होते. थोड्या तेलात परतल्यास ते कच्च्या टोमॅटोतल्यापेक्षा चांगले शोषले जाते. गुलाबी गराच्या पेरूतही लायकोपीन असते, पांढऱ्या गराच्या पेरूत जवळपास नसते.

फुगलेला किंवा गळका डबा चव पाहण्यासाठीही उघडू नये. उघडलेल्या डब्यातले उरलेले मटार काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत.