पिवळ्या पिनेसाठी घ्यायचं कार्ड

टीव्ही ट्यूनर कार्ड हातात घेतलं की आधी नजरेत भरते ती त्याच्यावरची पत्र्याची चकचकीत डबी. तिच्या एका टोकाला केबलची वायर बसवायचं गोल सॉकेट असतं. ही डबी म्हणजे ट्यूनर. २००० सालाच्या आगेमागे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही कार्डं विकली जायची ती या डबीच्याच जोरावर. घरात टीव्ही एक, त्यावर संध्याकाळभर मालिका; मग मुलांनी मॅच कॉम्प्युटरवर बघावी, असा सरळ हिशेब. खोक्यात रिमोट मिळे, काही कार्डांवर एफएम रेडिओही लागे.

जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या म्हटलं की मात्र या डबीला फारसं काम उरत नाही. तिथे कामाला येतं ते तिच्या शेजारचं पिवळ्या पिनेचं सॉकेट आणि त्यामागची, अंगठ्याच्या नखाएवढी काळी चौकोनी चिप. कार्ड निवडायचं ते या दोन गोष्टी बघून, आणि त्याहीआधी घरातला व्हीसीआर कोणत्या अवस्थेत आहे ते बघून.

चिपचं घराणं

दुकानात कार्डांची नावं डझनभर दिसत: पिनॅकल, पिक्सेलव्ह्यू, लीडटेक, अॅव्हरमीडिया, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाचंच नाव घेतलेली हॉपॉग. आत डोकावलं तर चिप दोन-तीन घराण्यांतल्याच. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या ब्रुकट्री कंपनीने बीटी ८४८ ही चिप काढली आणि चित्र पकडण्याचं सगळं काम एका तुकड्यात आणून कार्डं स्वस्त केली. तिची धाकटी बहीण बीटी ८७८. पुढे ब्रुकट्री रॉकवेलने घेतली, रॉकवेलचा हा विभाग १९९९ मध्ये कोनेक्झंट नावाने वेगळा झाला आणि त्या कंपनीची सीएक्स २३८८ या मालिकेतली चिप आली. दुसरं घराणं फिलिप्सचं, एसएए ७१३० आणि ७१३४ या क्रमांकांचं. त्यामुळे जुनं कार्ड विकत घेताना खोक्यावरचं नाव दुय्यम. चिपवर छापलेला क्रमांक वाचावा. ड्रायव्हर शोधताना तोच उपयोगी पडतो.

आपल्याकडे टीव्ही ट्यूनर म्हटलं की अनेकांना आठवतो तो सीपीयू आणि मॉनिटर यांच्या मधे बसणारा छोटा डबा. कॉम्प्युटर बंद ठेवूनही त्यावर टीव्ही लागत असे, म्हणून तो खूप खपला. पण तो चित्र थेट मॉनिटरला देतो, कॉम्प्युटरच्या आत काहीच पाठवत नाही. त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. माळ्यावर असा डबा सापडला म्हणून काम भागेल असं समजू नये.

फितीवर काय असतं

व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. अर्धा इंच रुंदीची फीत आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ चालीत चित्र मावणं शक्य नाही, म्हणून फीत एका तिरक्या ड्रमभोवती गुंडाळली जाते आणि तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. ड्रमवरची दोन हेड्स फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात. प्रत्येक रेघ सुमारे ४९ मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक, आणि एका रेघेत अर्धं चित्र. आधी विषम ओळी, मग सम ओळी. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पूर्ण.

लग्नाची एखादी जुनी कॅसेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर थांबवून बघितली की हे सगळं डोळ्यांना दिसतं. अंतरपाट दूर होतो, नवरी हार घालायला हात उचलते, आणि तिच्या हाताची कड कंगव्याच्या दातांसारखी फाटलेली दिसते. ही ती दोन अर्धी चित्रं. मधल्या एक पन्नासांश सेकंदात हात पुढे गेलेला असतो. शालूचा लाल रंग काठाबाहेर उजवीकडे ओघळतो, कारण व्हीएचएसमध्ये रंगाला फार थोडी जागा दिलेली असते. काळ्या-पांढऱ्याचा तपशील आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांचा, रंगाचा त्याच्या काही अंशच. चित्राच्या तळाला दोन-चार ओळींची फरफट दिसते. तिथे एक हेड फीत सोडतं आणि दुसरं धरतं. टीव्हीच्या चौकटीमागे ही पट्टी झाकली जात असे, म्हणून कोणी पाहिली नव्हती. यातला एकही दोष कार्डाचा नाही. महागडं कार्ड आणूनही तो जाणार नाही.

कार्डाने काय करावं

पहिली अट, चित्र ७२० बाय ५७६ या पूर्ण मापात घ्यावं. पालच्या ६२५ ओळींपैकी दिसणाऱ्या ओळी ५७६. कॅसेट तशीही अस्पष्ट, मग ३५२ बाय २८८ पुरे, असं दुकानदार सांगत. त्या मापात उभ्या ओळी निम्म्या होतात, आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक अर्धं चित्रच टाकून दिलं जातं. मग हालचालीतली सफाई गेली ती गेलीच. कंगव्याचे दात घालवायचे असतील तर ते नंतर, प्रतीवर, सॉफ्टवेअरने घालवता येतात. मूळ फाइलमध्ये दोन्ही अर्धी चित्रं जशीच्या तशी राहू द्यावीत.

दुसरी अट जोडणीची. व्हीसीआरमधून चित्र काढायच्या वाटा तीन. अँटेनाच्या वायरीची वाट सर्वांत वाईट: व्हीसीआर चित्र आणि आवाज एका चॅनलवर चढवतो, कार्डावरची डबी ते पुन्हा उतरवते, आणि या चढउतारात चित्राला मुंग्या लागतात. पिवळ्या पिनेची वाट चांगली. एस-व्हिडिओची त्याहून चांगली, पण व्हीसीआरला तसं सॉकेट असेल तरच, आणि आपल्याकडच्या घरगुती व्हीसीआरना ते सहसा नसे. नुसत्या त्या सॉकेटसाठी कार्डावर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. कोम फिल्टरचंही तसंच. तो टीव्हीच्या प्रक्षेपणात एकमेकांत मिसळलेले उजेड आणि रंग वेगळे करतो. व्हीएचएसच्या फितीवर दोन्ही मुळातच वेगळ्या पट्ट्यांत लिहिलेले असतात.

तिसरी अट आवाजाची, आणि लोक फसतात ते इथे. जुन्या कार्डांत चित्र कार्ड घेतं आणि लाल-पांढऱ्या पिनांतला आवाज साउंड कार्डाच्या निळ्या सॉकेटातून जातो. दोघांची घड्याळं वेगळी. त्यांच्यात लाखाला पाच इतकाच फरक असला तरी तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी आवाज अर्धा सेकंद मागे-पुढे होतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, आणि वरातीपर्यंत बँडवाल्याची काठी आधी पडते, ढोल मागाहून वाजतो. अॅव्हरी ली यांच्या व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा फरक सांभाळायची सोय आहे आणि गळलेल्या चित्रांचा आकडाही पडद्यावर दिसतो. तो आकडा सतत वाढत असेल तर काम थांबवून कारण शोधावं.

चौथी अट जागेची. ७२० बाय ५७६ चं न आवळलेलं चित्र सेकंदाला २०.७ मेगाबाइट घेतं, तासाला सुमारे ७५ गिगाबाइट. ज्या काळी अख्खी हार्ड डिस्क ४० गिगाबाइटची असे, तेव्हा हे अशक्यच होतं. त्यावर हॉपॉगच्या पीव्हीआर १५० आणि २५० या कार्डांनी तोड काढली: कार्डावरच एमपेग-२ ची चिप. कॉम्प्युटरवर भार नाही, आवाज आणि चित्र एकाच ठिकाणी बांधलेलं, आणि तासाला तीन-चार गिगाबाइटची फाइल थेट डीव्हीडीवर. घाईत शंभर कॅसेटी संपवणाऱ्यासाठी ती कार्डं आजही वाईट नाहीत. पण एकदा दाबलेलं चित्र पुन्हा सुधारायला घेतलं की बिघडतं. आता डिस्क स्वस्त आहे. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही १ अशा काहीही न गमावणाऱ्या पद्धतीत मूळ प्रत ठेवावी आणि नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून छोटी करावी.

एक अट अमेरिकेत नातेवाईक असलेल्या घरांसाठी. तिथून आलेल्या बारशाच्या, पहिल्या वाढदिवसाच्या कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या, ५२५ ओळींच्या असतात. मल्टिसिस्टिम व्हीसीआरवर त्या टीव्हीवर नीट दिसतात आणि कार्डावर मात्र चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर सरकत राहतं. कारण असे अनेक व्हीसीआर शुद्ध एनटीएससी देत नाहीत, पाल-६० नावाचं मिश्रण देतात: ओळी अमेरिकेच्या, रंगाची पद्धत आपली. ड्रायव्हरच्या यादीत पाल-६० हा पर्याय आहे का, हे आधी बघावं. आखातातून आलेल्या कॅसेटींना हा त्रास सहसा नसतो, त्या पालच.

दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमांच्या कॅसेटींवर मॅक्रोव्हिजनचं कुलूप असू शकतं. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम घातलेले ठोके रेकॉर्डरला फसवतात, आणि उजेड कमी-जास्त होत राहतो. काही कार्डं ते ओळखून रेकॉर्डिंगच नाकारतात. गंमत अशी की फार झिजलेल्या घरगुती फितीचे विस्कटलेले ठोकेही त्यांना कधी कधी कुलपासारखे भासतात.

पैसा आधी व्हीसीआरवर

एकाच कॅसेटची प्रत दोन कार्डांवर घेतली तर फरक शोधावा लागतो. दोन व्हीसीआरवर घेतली तर तो समोर दिसतो. जगातले अखेरचे व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. पूर्वी ज्यांचे प्लेअर टीव्हीसकट रात्रभरासाठी भाड्याने आणून चाळीत तीन-तीन सिनेमे बघितले जात, त्यांतलीच ही कंपनी. आता चालू व्हीसीआर म्हणजे जुनाच, आणि त्याचा पट्टा, रबरी रोलर आणि हेड्स तपासून देणारा मेकॅनिक मिळणं हीच मोठी गोष्ट. ज्या व्हीसीआरमध्ये टाइम बेस करेक्टर असतो तो ओळींच्या सुरुवाती सरळ करतो. उभे खांब आणि दाराच्या चौकटी थरथरायच्या थांबतात. अशी यंत्रं महाग पडतात, पण कार्डाच्या पैशातून वाचवून तिकडे घालावेत.

व्हीसीआरमध्ये घालण्याआधी कॅसेट उजेडात धरावी. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याची ओल फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून ती पिठासारखी किंवा जाळीसारखी दिसते. अशी कॅसेट लावली तर बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींवर. ती वेगळी ठेवावी, सिलिका जेलसोबत कोरडी होऊ द्यावी आणि साफ करूनच लावावी. चांगल्या कॅसेटीही एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्याव्यात, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे मोकळे होतात. आणि मागची प्लॅस्टिकची पट्टी शाबूत असेल तर आधी ती तोडावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मुंज पुसली जाणार नाही.

ट्यूनर गेला, कार्ड राहिलं

ज्या केबलसाठी ही कार्डं घेतली गेली ती केबल आता नाही. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि वायर थेट डबीत खुपसून चॅनल पकडायचे दिवस संपले. मदरबोर्डांवरून पीसीआयची खाचही गेली. नव्या विंडोजला जुन्या कार्डांचे ड्रायव्हर चालत नाहीत. लिनक्समध्ये मात्र बीटी ८७८ आणि फिलिप्सच्या चिपांसाठी ते आहेत. ज्याला हा व्याप नको त्याच्यासाठी यूएसबीच्या छोट्या पट्ट्या मिळतात. त्यात सावधगिरी एवढीच, की ईझीकॅप या एकाच नावाखाली एम्पिया, सिनटेक आणि आणखी कुठल्या कुठल्या चिप विकल्या जातात आणि बाहेरून सगळ्या सारख्याच. परत घेण्याच्या बोलीवर घ्यावं आणि पहिल्याच दिवशी एक पूर्ण तासाची कॅसेट उतरवून आवाज जुळतो का ते पाहावं. यूएसबीऐवजी एचडीएमआयचं खेळणं घेऊ नये. पिवळी पीन आणि एचडीएमआय यांच्यामधला स्वस्त डबा दोन अर्धी चित्रं आपल्या मनाने एक करतो आणि ती पुन्हा सुटी होत नाहीत.

आणि तरीही जुन्या कार्डाला दुसरा जन्म मिळाला आहे. कोनेक्झंटच्या सीएक्स २३८८ मालिकेतल्या चिपकडून, सीएक्सएडीसी नावाच्या लिनक्स ड्रायव्हरच्या मदतीने, टीव्हीचं काम काढूनच घेता येतं. मग ती चिप येईल त्या लहरीची सेकंदाला सुमारे २.८६ कोटी मापं घेत राहते. व्हीसीआरचं झाकण उघडून हेडजवळच्या सर्किटला वायर जोडायची, फितीवरची कच्ची लहर थेट डिस्कवर भरायची आणि व्हीसीआरने जे करायचं ते सगळं व्हीएचएस-डीकोड या मोफत सॉफ्टवेअरवर सोपवायचं. ओळी सरळ करणारं यंत्रही मग विकत घ्यावं लागत नाही. तासाला १०० गिगाबाइट लागतात, हातात सोल्डरिंग लागतं, आणि घरगुती माणसाने उठून करावं असं हे काम नाही. पण स्वस्त ट्यूनर कार्डाकडून एवढं काम घेतलं जाईल, हे ते विकणाऱ्याच्याही मनात आलं नसेल.

त्यातून व्यवहाराचा एक निष्कर्ष निघतो. युनेस्कोने ध्वनी आणि दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या जागतिक संघटनेसोबत २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल धोक्याचा इशारा दिला, त्यात फितीपेक्षा यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपण्याची काळजी जास्त होती. म्हणून काम लांबवू नये. घरात आहे त्या व्हीसीआरवर, परवडेल त्या कार्डावर एक प्रत आजच काढावी, दोन डिस्कवर ठेवावी, तिसरी दुसऱ्या गावच्या भावंडाकडे द्यावी. आणि प्रत झाली म्हणून कॅसेट भंगारात देऊ नये. फितीवर जेवढं आहे तेवढं सगळं अजून कुठल्याच पिवळ्या पिनेतून बाहेर आलेलं नाही.