धातुशोधक यंत्र आणि ऐकणारा कान

१८८१ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड हे वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर गोळी लागून जखमी झाले. गोळी शरीरांतच राहिली आणि ती नेमकी कोठें आहे हें डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून १४ वर्षांचा अवकाश होता. टेलिफोनमुळें ख्याति पावलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं तेव्हां तारेच्या वेटोळ्यांचें एक उपकरण तयार करून त्याला टेलिफोनची कर्णिका जोडली. धातु जवळ आला म्हणजे कर्णिकेंत आवाज उमटे. यादवी युद्धांतील गोळ्या अंगांत वागविणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्याचा प्रयोगहि करून झाला. परंतु अध्यक्षांच्या शय्येशीं मात्र उपकरणानें दाद दिली नाहीं. गादीखालीं पोलादी तारा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांचें मत गोळी उजव्या अंगाला आहे असें पडल्यामुळें शोध त्याच अंगाला चालला होता. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले आणि शवविच्छेदनांत गोळी डाव्या बाजूस सांपडली.

हातांत धरून चालविण्याचें धातुशोधक यंत्र आज पुष्कळ सुधारलें आहे, पण तें शिकूं पाहणाऱ्याची निराशा बहुधा याच दोन कारणांनीं होते: यंत्राभोंवतीं नको असलेला धातु, आणि शोधणाऱ्याच्या मनांत आधींच ठरून गेलेली जागा.

चित्रपटगृहाच्या किंवा विमानतळाच्या दारांत पहारेकरी अंगावरून फिरवितो तो आखूड दांडा याच कुळांतला. शेतांत किंवा किनाऱ्यावर वापरावयाच्या यंत्राला लांब दांडी, तिच्या टोकाला ताटलीसारखें चपटें वेटोळें आणि मुठीजवळ बटणांची पेटी असते. वेटोळ्यांतून सेकंदाला कित्येक हजार वेळां दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह वाहतो, व त्यामुळें आसपास चुंबकी क्षेत्र उत्पन्न होऊन तेंहि तसेंच पालटत राहतें. या क्षेत्रांत नाणें आलें कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे बारीक प्रवाह फिरूं लागतात. त्या प्रवाहांचें स्वतःचें क्षीण क्षेत्र निर्माण होतें आणि ताटलींतलें दुसरें वेटोळें तें टिपतें. हा प्रतिसाद किंचित् उशिरानें येतो. तो किती उशिरानें आला यावरून धातु कोणत्या जातीचा असावा याचा अंदाज यंत्र बांधतें. अंदाजच, यंत्राला सोनें किंवा चांदी ओळखतां येत नाहीं. वीज किती सुलभपणें वाहते आणि वस्तु केवढी व कशा आकाराची आहे, एवढेंच त्याला समजतें.

जुळणीचें काम अर्ध्या तासाचें, पण घाईनें उरकण्यासारखें नव्हे. दांडीची लांबी अशी ठेवावी कीं ताठ उभें राहून, कोपर आधारांत टेकवून, ताटली जमिनीशीं समांतर फिरावी. वांकावें लागलें तर तासाभरांत पाठ दुखूं लागते आणि कंटाळलेल्या माणसाला बारीक आवाज ऐकूं येत नाहीं. ताटलीची तार दांडीभोंवतीं घट्ट गुंडाळून बांधावी. ती सैल राहून हेलकावूं लागली तर यंत्र विनाकारण चिवचिवतें आणि बिचारा नवशिका खड्डे खणीत बसतो. हातांतील अंगठी, घड्याळ, कडें काढून ठेवावें. लोखंडी नाल ठोकलेले बूट घरीं ठेवावे आणि खिशांतला मोबाइल बंद करावा. आवाज हेडफोनवरच ऐकावा. उघड्या आवाजानें बॅटरी लौकर खपते, मुलें जमतात, आणि खोलवरच्या नाण्याची कुजबुज वाऱ्यांत विरून जाते.

यानंतर संवेदनक्षमतेचें बटण येतें. तें शेवटपर्यंत पिळण्याचा मोह प्रत्येकाला होतो व तो आवरावा हें चांगलें. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा जवळ दुसरें तसलेंच यंत्र चालू असेल, तर वाढविलेल्या संवेदनेबरोबर गोंगाटहि वाढतो. यंत्र शांत होईल इतकें बटण मागें घ्यावें. शांत यंत्राकडून दहा बोटें खोलीवरचें नाणें कळतें. किंचाळणाऱ्याकडून चार बोटांवरचेंहि कळत नाहीं.

जमीन स्वतःहि बोलत असते, आणि महाराष्ट्रांत हें विशेष लक्षांत ठेवलें पाहिजे. दख्खनची काळी माती बेसाल्टच्या झिजेंतून झालेली. त्या दगडांत लोहचुंबकी खनिजाचे कण असतात. कोंकणांतल्या जांभ्यांत लोह भरपूर. अशा ठिकाणीं ताटली जमिनीपासून वीतभर वर उचलून पुन्हां जवळजवळ टेंकेपर्यंत खालीं आणावी, असें कांहीं वेळां करून जमिनीचा आवाज नाहींसा होईपर्यंत यंत्र जुळवून घ्यावें. जागा बदलली कीं ही जुळवणी पुन्हां करावी. समुद्राच्या ओल्या वाळूंत मिठामुळें पाणीच वीजवाहक होतें, म्हणून साधें यंत्र तेथें गोंधळतें. विजेचे झटके सोडून मधल्या शांततेंत कानोसा घेणारीं निराळीं यंत्रें तेथें अधिक उपयोगी पडतात, मात्र लोखंड आणि इतर धातु यांतला भेद त्यांना नीट करतां येत नाहीं.

खरें शिक्षण कानाचें, आणि तें घरच्या वाडींत होतें. गच्चीवर करूं नये, कारण स्लॅबमध्यें लोखंडी सळया असतात. प्रथम रिकामी जागा ताटलीनें तपासून घ्यावी. मग एक राणीछाप चांदीचा रुपया, एक ढब्बू पैसा, एक खिळा, बाटलीचें एक पत्र्याचें टोपण, आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, अशा वस्तु हातहात अंतरावर निरनिराळ्या खोलीला पुराव्या आणि प्रत्येकीवर खूण रोवावी. त्यांवरून ताटली रोज दहा मिनिटें फिरवावी: हळू, एका उंचीवर, आणि दर फेरा मागच्या फेऱ्यावर निम्मा चढेल असा. बहुतेकांची ताटली झुल्यासारखी टोकांशीं वर जाते; तेथें खोली फुकट जाते. आठवड्याभरांत रुपयाचा उंच, गोल, दोन्ही बाजूंनीं सारखा येणारा स्वर कानांत बसतो, आणि खिळ्याचा तुटक, एका दिशेनें येऊन दुसऱ्या दिशेनें गायब होणारा स्वरहि. तोच रुपया काठावर उभा पुरला तर आवाज पडतो, हेंहि करून पाहावें.

यंत्रावर नको त्या धातूंचा आवाज गाळून टाकण्याची सोय असते, तिला निवड म्हणतात. निवड मोठी सोयीची आणि तितकीच फसवी. पातळ सोन्याची अंगठी आणि औषधाच्या पाकिटाचा चंदेरी कागद यांचा प्रतिसाद पुष्कळदां एकसारखा येतो. कागदाला कंटाळून त्याला गाळलें कीं अंगठीहि गाळली जाते, आणि आपलें काय राहिलें हें शोधणाऱ्याला कधींच कळत नाहीं. हल्लींचा एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचा असतो. लोखंड गाळतांना तोहि निसटण्याचा संभव. म्हणून पहिले कांहीं महिने शक्य तितकें थोडें गाळावें आणि जें जें वाजेल तें खणून पाहावें. केरकचरा हाच येथला गुरु आहे.

आवाज पक्का झाला म्हणजे ताटली एकदां आडवी व एकदां उभी फिरवून फुलीचा मध्य गांठावा. खुरप्यानें तीन बाजूंनीं कापून गवताचा गड्डा झांकणासारखा उलटावा, माती कापडावर काढावी आणि वस्तु निघाल्यावर माती परत भरून गड्डा बसवावा. पण आवाज युद्धभूमीच्या किंवा जुन्या गोळीबाराच्या मैदानाच्या आसपास आला तर खुरपें लावूंच नये. १९४२ मध्यें एल् अलामीन येथें ब्रिटिश फौजेनें वापरलेलें सुरुंगशोधक यंत्र पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनीं तयार केलें होतें. तें सुमारें १४ किलो वजनाचें असून रणांगणावर एका माणसाला वाहून नेतां येत असे. तेंहि सुरुंग आणि नुसता पत्रा यांत भेद करीत नसे, आणि वापरणाऱ्याला प्रत्येक आवाज सुरुंगच मानावा लागे.

यंत्राला मिळालेलें मोठें यश इंग्लंडांतील सफोक परगण्यांतल्या हॉक्सन गांवचें. १९९२ च्या नोव्हेंबरांत शेतांत हरवलेला एक हातोडा शोधण्यासाठीं एरिक लॉज नांवाचे गृहस्थ यंत्र घेऊन गेले, आणि त्यांना चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणीं लागूं लागलीं. कांहीं वस्तु निघतांच त्यांनीं खणणें थांबवून अधिकाऱ्यांना कळविलें, आणि पुराणवस्तुशास्त्रज्ञ दुसऱ्याच दिवशीं येऊन कामाला लागले. सुमारें १५ हजार रोमन नाणीं आणि इतर कितीतरी वस्तु मिळाल्या. त्याहून मोलाचें म्हणजे कुजून गेलेल्या लांकडी पेटींत कोणती वस्तु कशाशेजारीं ठेवली होती हें मांडतां आलें. लॉज यांनीं संध्याकाळपर्यंत हौसेनें खणलें असतें तर नाणीं तेवढींच निघालीं असतीं, पण पेटी कायमची नाहींशी झाली असती. त्या धनांत स्त्रीच्या मूर्तीच्या आकाराची मिरपूड ठेवण्याची चांदीची डबी आहे, आणि रोमनांची काळीं मिरीं जात ती हिंदुस्थानच्या मलबार किनाऱ्यावरून. हातोडाहि सांपडला, तोहि ब्रिटिश म्यूझियममध्यें गेला.

आपल्याकडे या बाबतींत कायदा जुना आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडली तर तिचें स्वरूप, जागा आणि दिवस नमूद करून जिल्ह्याच्या कलेक्टरकडे लेखी सूचना द्यावी लागते, आणि वस्तु सरकारी खजिन्यांत ठेवावी लागते किंवा ती मागतांच हजर करण्याबद्दल जामीन द्यावा लागतो. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित केलेल्या स्थळीं परवान्यावांचून खणतांच येत नाहीं. तेव्हां एखाद्या संरक्षित किल्ल्यावर सहलीला जातांना यंत्र घरीं ठेवणें बरें. दुसऱ्याच्या शेतांत मालकाची परवानगी आधीं घ्यावी, आणि पेरणीनंतर ती मागूंहि नये.