अफूच्या धुरातली अग्निदेवता

दिवाळीचा फराळ आणि जाडजूड कादंबरी ही जोडी ज्यांना मानवते, अशा वाचकांसाठी यंदा माझी शिफारस आहे एका कादंबरीत्रयीची. लेखिका आर. एफ. क्वांग. जन्म १९९६ सालचा, चीनमधला, वाढली अमेरिकेत. 'द पॉपी वॉर' हा पहिला भाग २०१८ साली निघाला तेव्हा ती जेमतेम बाविशीची होती. पुढे 'द ड्रॅगन रिपब्लिक' (२०१९) आणि 'द बर्निंग गॉड' (२०२०) आले.

कथेतला देश काल्पनिक, पण चीनच्या वळणाचा. नायिका रिन ही युद्धात पोरकी झालेली मुलगी. सांभाळणारे लोक चोरून अफू विकणारे. धंद्याची सोय म्हणून ते तिला एका प्रौढ माणसाच्या गळ्यात बांधायला निघतात. सुटकेची वाट एकच, ती म्हणजे साऱ्या साम्राज्यात घेतली जाणारी परीक्षा. ही पोर रात्ररात्र जागते आणि डोळा लागू नये म्हणून हातावर मेणबत्तीचे कढत मेण पाडून घेते! बारावीचे वर्ष ज्या घराने काढले आहे, त्याला ही पाने वाचताना घास गिळवणार नाही.

रिन पहिली येते, राजधानीजवळच्या सैनिकी विद्यालयात दाखल होते आणि एका विक्षिप्त गुरूपाशी देवतेला अंगात आणण्याची विद्या शिकते. आपल्याकडच्या अंगात येण्याशी याचे नाते वाचकाला चटकन जाणवेल. फरक इतकाच, की इथली देवता नारळावर भागत नाही. ती माणसाची बुद्धीच मागते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, छान! शाळा आहे, जादू आहे, पुस्तक मुलांच्या हाती द्यावे. तसे मुळीच करू नका. शाळा संपते आणि युद्ध येते. १९३७ साली जपानी फौजांनी नानजिंगमध्ये जे केले, ते लेखिकेने नावे बदलून, पण डोळे न मिटता लिहिले आहे. ते प्रकरण मी दोन बैठकींत वाचले. एका बैठकीत झेपले नाही.

हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच युद्धात जखमींची शुश्रूषा करायला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. दुसरी बाजूही आहे: एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि तिच्या पैशावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या गबर झाल्या.

दुसरा भाग राजकारणात अंमळ रेंगाळतो. तो नेटाने पार करा, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. जिच्यासाठी आपण पहिल्या भागात जीव टाकला, तीच पोर सूडापायी शहरे जाळू लागते, आणि तरी तिची बाजू सोडवत नाही. रिनचा प्रवास माओच्या आयुष्यावरून बेतला, असे लेखिकेने स्वतःच सांगितले आहे.

इंग्रजी सोपे आहे. कॉलेजातल्या मुलामुलींना जरूर द्या, पण आधी स्वतः वाचा. रिनने केले ते बरोबर की चूक, हे ती तुम्हालाच विचारणार आहेत.