सारथ्याचा विसावा

काशीयात्रा करून आलेल्या मनुष्याचें आपल्याकडे अजूनहि कौतुक होतें. मावंदें घातलें जातें, गंगेच्या गडूची पूजा होते, आणि चार दिवस घरांतील लहानथोर मंडळी त्याच्याभोंवतीं बसून घाटांच्या, पंड्यांच्या व आरतीच्या हकीकती ऐकतात. पण जो मनुष्य वर्षांतून अनेक वेळां काशीच्या वेशीवरून जातो, कृष्णा, गोदावरी, नर्मदा या नद्या ज्याला केवळ पुलांवरून ठाऊक आहेत, त्याला मावंदें कोण घालणार? लांब पल्ल्याच्या मालमोटारीचा चालक हा तो मनुष्य होय. “फिरतीचा धंदा, देश पाहावयास मिळत असेल!” असें त्याच्याविषयीं आपण सहज बोलून जातों. या बोलण्यांत खरें किती, हें पाहण्यासारखें आहे; आणि तें पाहावयाचें तर नव्या मुंबईइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं.

मुंबईचा भार हलका व्हावा म्हणून खाडीपलीकडे हें शहर वसविण्याचें ठरलें व त्याकरितां १९७० सालीं सिडको ही संस्था निघाली. माणसांबरोबर मुंबईचे अवजड धंदेहि इकडे आले. लोखंडाचा बाजार कळंबोलीस आला. कांदे-बटाटे, फळफळावळ, भाजीपाला, धान्य आणि मसाले यांचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यास आले. आणि १९८९ सालीं उरणजवळ न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. वीस फूट आणि चाळीस फूट लांबीच्या लोखंडी पेट्या, ज्यांस कंटेनर म्हणतात, त्या येथें जहाजांतून उतरतात व जहाजांत चढतात. त्यांतील पुष्कळशा मालमोटारींवरून दिल्ली, लुधियाना, हैदराबाद, बंगळूर अशा दूरच्या गांवीं जातात. आपल्या घरांतील पंखा, मुलांचीं खेळणीं, फार काय, देवघरांतील विजेच्या दिव्यांची माळहि बहुधा याच वाटेनें आलेली असते.

न्हावा-शेव्याच्या धक्क्यासमोरच पाण्यांत घारापुरीचें बेट आहे. तेथील मुख्य लेण्यांत सुमारें वीस फूट उंचीची शिवाची त्रिमुखी मूर्ति आहे. १९८७ सालीं युनेस्कोनें या लेण्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. देशोदेशींचे प्रवासी समुद्र ओलांडून ती मूर्ति पाहावयास येतात. बंदराच्या रस्त्यावर खोळंबलेल्या एका प्रौढ चालकास आम्हीं विचारलें, “दादा, समोरचीं लेणीं पाहिलींत का कधीं?” तो बीडकडचा होता. हंसून म्हणाला, “साहेब, चौदा वर्षें झालीं, बेट रोज बघतोंय. पण गाडी कुणाच्या भरवशावर सोडूं?”

या एका प्रश्नांत त्या धंद्याची सारी अडचण आली. पूर्वीं प्रत्येक मालमोटारीवर चालकाच्या जोडीला क्लीनर असे. गाडीखालीं पाचर लावणें, काच पुसणें, दोर आवळणें, स्वयंपाक करणें हीं कामें त्याचीं. आणि चालक कोठें जरा गेला तर राखणहि तोच करी. खर्च वांचविण्याच्या पायीं हा क्लीनर पुष्कळ गाड्यांवरून नाहींसा झाला आहे. आतां एकटा चालक डिझेल, बॅटरी, ताडपत्री आणि आंतील लाखो रुपयांचा माल यांचा पहारेकरी होऊन बसतो. आपला नंबर केव्हां लागेल याचा भरंवसा नसतो. दोन तासांत लागेल, कदाचित् दुसऱ्या दिवशींहि लागेल. तेव्हां रिकामा वेळ पुष्कळ, परंतु त्यांतील एक तासहि त्याच्या स्वाधीन नाहीं. खोळंबा निराळा आणि विसावा निराळा, हें ज्यानें सरकारी कचेरींत कागदासाठीं दिवस घालविला आहे त्यास आम्हीं सांगावयास नको. एका धीट तरुण चालकानें मात्र एकदां जोडीदाराच्या हवालीं गाडी करून बेटावर जाण्याचा बेत केला होता. नेमका तो सोमवार निघाला, आणि सोमवारीं लेणीं बंद असतात!

कायद्याचें म्हणाल तर तो या लोकांच्या बाजूचा आहे, आणि नवाहि नाहीं. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालीं झाला. दिवसास आठ तास आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा त्यांत घातली होती. लांबच्या मार्गावर ती दिवसास दहा व आठवड्यास चौपन्न तासांपर्यंत वाढवितां येत असे. सलग पांच तासांपेक्षां अधिक काम नसावें, मध्यें निदान अर्धा तास विश्रांति असावी, आठवड्यांतून एक दिवस सुटी असावी, आणि जेथें रात्रीचा मुक्काम पडतो तेथें विश्रांतीची खोली असावी, इतकें सगळें त्यांत लिहिलें होतें. पण कळंबोलीस आम्हीं ज्यांस ज्यांस विचारलें त्यांतील एकालाहि आठवड्याची सुटी म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. कारण उघड आहे. फेरी जितकी लवकर पुरी होईल तितकी पुढची फेरी लवकर मिळते, आणि पुष्कळांची कमाई फेऱ्यांवर अवलंबून असते. झोपेचा हिशेब त्या वहींत नसतो. त्याचे परिणाम मात्र चालकापुरते राहात नाहींत. रात्रीं त्याच रस्त्यावरून आपलीं मुलेंबाळें घेऊन आपणहि जात असतों.

युरोपांतील व्यवस्था या बाबतींत पाहण्यासारखी आहे. तेथें साडेचार तास गाडी हांकल्यावर पाऊण तास थांबलेंच पाहिजे, आणि गाडींतील टॅकोग्राफ नांवाचें यंत्र याची नोंद ठेवितें. आठवड्याची पूर्ण विश्रांति निदान पंचेचाळीस तासांची असून ती गाडींतील बिछान्यावर काढण्यास मनाई आहे. चालकास कोठें तरी खऱ्या पलंगावर निजविलें पाहिजे, असा हा कायदा. तिकडेहि पळवाटा काढणारे धनी आहेतच. तथापि पंचेचाळीस तास हातीं आले म्हणजे मनुष्य परक्या गांवांतील एखादें मंदिर, एखादी बाग पाहूं शकतो.

आमच्या चालकानें सहल करावयाची ती चालत्या गाडींतून. कळंबोलीहून पुण्याकडे निघालें म्हणजे बोरघाट लागतो. या घाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रज इंजिनिअरांना ज्या धनगरानें दाखविली तोच हा शिंग्रोबा, अशी कथा आहे. बक्षीस काय हवें असें विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें व गोळी खाल्ली, असेंहि लोक सांगतात. इतिहासाच्या कसोटीस ती किती उतरेल तें असो. पण चढावर गाडी हळू करून, खिडकींतून नाणें टाकून, एका हातानें नमस्कार करून पुढें जाणारे चालक तेथें नेहमीं दिसतात. थांबलें तर मागच्यांचा खोळंबा, म्हणून देवदर्शनहि असें गियर बदलतां बदलतां.

पुढें सोलापूरच्या वाटेवर भिगवणजवळ उजनीच्या जलाशयांत हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, तसेच ते ठाण्याच्या खाडींत व नव्या मुंबईच्या पाणथळींतहि उतरतात. फ्लेमिंगो म्हणून ते शहरांतील मंडळींस ठाऊक आहेत. दुर्बिणी घेऊन लोक त्यांच्यासाठीं मुद्दाम जातात. सोलापूर सोडून हैदराबादेकडे वळलें कीं हमरस्त्यालगत नळदुर्गचा किल्ला येतो. एक सोलापुरी चालक म्हणाला कीं, पावसाळ्यांत बोरी नदीचें पाणी बंधाऱ्यावरून कोसळूं लागलें म्हणजे आपण तेथें चहापुरता थांबतोंच, मालकाचा दूरध्वनि वाजो कीं न वाजो. आम्हांस हा मनुष्य फार आवडला.

वाशीच्या बाजारांत भाजी आणि फळें घेऊन येणाऱ्यांची स्थिति थोडी बरी असते. माल रात्रीं येतो, पहांटेपर्यंत उतरतो, आणि परतीचें भाडें मिळेपर्यंत दिवस मोकळा राहतो. मार्च ते मे हे आंब्याचे महिने सोडले तर चार चालक मिळून एकास गाड्यांवर बसवितात आणि तिघे लोकलनें मुंबईस जाऊन येतात. खाडीवरची ही लोहमार्गाची सोय १९९२ पासूनची आहे. गेटवे पाहावयाचें, समुद्राकांठीं छायाचित्र काढून घरीं पाठवावयाचें, आणि मुलीसाठीं एखादी वस्तु घेऊन रात्रीच्या आंत परत यावयाचें. घरच्यांना तें छायाचित्र महिनाभर पुरतें.

या धंद्यांत शिकलेलीं माणसें नाहींत असेंहि नाहीं. नंदुरबारकडच्या योगिता रघुवंशी यांनीं वाणिज्य व कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या घेतल्या होत्या; पतीच्या निधनानंतर मुलांच्या संगोपनाकरितां त्यांनीं भोपाळांत मालमोटारीचें चक्र हातीं धरलें आणि दूरदूरच्या प्रांतांत एकट्यानें माल पोंचविला. झारखंडचे राजेश रवानी हे चालक गाडींतच स्वयंपाक करतात व वाटेवरचीं दृश्यें चित्रफितींतून दाखवितात. लाखो लोक त्या हौसेनें पाहतात. आमच्या ओळखीच्या एका घरीं तर आजोबा आणि नातू जेवणानंतर मिळून तेंच पाहत बसतात, आणि सूनबाई “त्यांची भाजी माझ्यापेक्षां बरी दिसते” म्हणून चिडवून घेतात.

सुधारणा अगदींच होत नाहीं असें नाहीं. नव्यानें तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम झाला आहे. जुन्या गाड्या मात्र आणखी कित्येक वर्षें उन्हांतच धांवणार. कांहीं पेट्रोलपंपांवर तेलकंपन्यांनीं ‘अपना घर’ नांवाचे निवारे उघडले असून तेथें खाट, न्हाणी व स्वतः रांधण्यास जागा मिळते. न्हावा-शेव्याच्या बंदरानेंहि मालमोटारींकरितां एक मोठें वाहनतळ बांधलें आहे. तेथें गाडी लावल्यावर तिच्या राखणीची जबाबदारी कोणीं पत्करली, आणि आपला नंबर केव्हां येणार हें चालकास आदल्या दिवशीं कळलें, तर त्या दिवसांतून अर्धा दिवस त्याचा स्वतःचा होईल. मग एखादी लाँच त्या लोकांस घेऊन समोरच्या बेटावर जाण्यास अवघड काय आहे? भाडें तेहि देतील. सोमवार तेवढा वगळावा.