निकालाची वाट पाहू नका, कागदांची तजवीज आधी करा
दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या पालकांसाठी चार व्यवहारी गोष्टी

रमजान ईदचा माल भरायला चांदरातीला निघणारा दुकानदार वाशीच्या बाजारात सापडायचा नाही. कापडवाला, चप्पलवाला, अत्तरवाला, सारे महिना-दोन महिने आधीच खरेदी उरकून बसतात. मात्र मुलांच्या कॉलेजची वेळ आली की हीच हिशेबी मंडळी निकाल हाती येईपर्यंत स्वस्थ राहतात. मग जून-जुलैत एकच धावपळ उडते. सेवा केंद्रापुढे रांग, तहसीलला चकरा, आणि तोवर फॉर्मची मुदत संपलेली. मुलाला गुण असतात, पण कागद नसतात. आमच्या कारागीर आणि व्यापारी बांधवांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी नावाचे पाहू. आपल्या घरांत एकाच मुलाचे नाव शाळेत ‘बागवान’, आधारवर ‘शेख’ आणि रेशनकार्डावर तिसरेच असते. कुठे ‘सलीम’, कुठे ‘सलिम’. घरी याने काही बिघडत नाही, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये एका वेलांटीवरून शिष्यवृत्ती अडते. शाळेच्या रजिस्टरातील नाव, जन्मतारीख आणि जात दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्यावी. एकदा शाळा सुटली, दाखला हाती पडला की तीच दुरुस्ती फार जड जाते. मूल नववीत असतानाच एखाद्या सुट्टीच्या दिवशी सारे कागद चटईवर मांडून ताडून पाहावेत.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, मण्यार अशा व्यवसायाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमार यांनीही तिला साथ दिली. १९९४ साली शासनाचा निर्णय झाला, म्हणून आज ही सवलत मागता येते. पण दाखला मागणाऱ्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासूनचा राज्यातील रहिवास दाखवावा लागतो, आणि वाडवडिलांची जात सांगणारी जुनी नोंदही लागते.

आपल्या भागात अडचण इथेच येते. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. त्यांचे अधिकृत भाषांतर करून घ्यावे लागते. शिवाय आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले आढळते. तसे असेल तर निराश होऊ नये. चुलत आजोबा, आत्या, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी, जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत असे एकेक शोधत जावे. भावकीत कोणाला आधीच जात वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर तो पुरावा मोठ्या कामाचा ठरतो. हा शोध आठ दिवसांत होत नाही. कधी कधी वर्ष जाते. म्हणून तो मूल दहावीला जाण्याआधी सुरू करावा.

नुसता जातीचा दाखला हाती आला म्हणजे काम झाले असे नाही. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागा हवी असेल तर जिल्हा पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच टाकावा. काही वर्षी अर्जाच्या पावतीवर प्रवेशाला तात्पुरती मुदत मिळाली आहे, पण त्या भरवशावर राहू नये. ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागते. म्हणजे कुटुंब ठरलेल्या मर्यादेपेक्षा, सध्या वर्षाला आठ लाखांपेक्षा, सधन नाही याचा दाखला.

ज्यांची जमात ओबीसी यादीत नाही, अशा शेख, सय्यद, पठाण मंडळींनी आपल्याला काहीच नाही असे समजू नये. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांसाठी २०१९ पासून ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागा आहेत. त्यात धर्माची अट नाही. दाखला तहसीलदारांकडून मिळतो आणि तो दरवर्षी नवा काढावा लागतो. मुस्लिमांच्या ५ टक्क्यांबद्दल अजूनही विचारणा होते. तो जुलै २०१४ चा अध्यादेश होता. त्याचा कायदा झाला नाही, आणि त्याच वर्षअखेर तो संपला. त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

या सगळ्या खटाटोपाचा फायदा काय, असे कोणी व्यापारी बांधव विचारील. तर हिशेबच मांडू. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. समजा, एखाद्या शिंपीकाम करणाऱ्या बांधवाच्या मुलीला फार्मसीला जायचे आहे. कागद तयार असतील तर चार वर्षांची फी वाचते. नसतील तर तीच मुलगी घरी बसते, आणि ‘आमच्यात मुलींना शिकवत नाहीत’ असे लोक म्हणतात. कसूर मात्र एका न काढलेल्या दाखल्याची असते.

उत्पन्नाचा पुरावा हाही आपल्याकडे दुबळा भाग आहे. धंदा रोखीचा, वही कच्ची. छोट्या दुकानदारानेही दरवर्षी आयकर विवरणपत्र भरून ठेवावे. उत्पन्नाच्या दाखल्याला ते उपयोगी पडते आणि कर्ज मागतानाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कमी व्याजाने कर्ज देते. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको असेल त्यांनी आधी महाडीबीटीवरील शिष्यवृत्त्या पाहाव्यात आणि जमातीच्या ट्रस्टकडे विचारणा करावी.

आता शाखेची निवड. शेजाऱ्याचा मुलगा सायन्सला गेला म्हणून आपलाही जावा, हा हट्ट सोडावा. अकरावीत गणित सोडले की इंजिनिअरिंगचा रस्ता सहसा बंद होतो, हे आधी समजून घ्यावे. एमएचटी-सीईटीत गणिताला भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या दुप्पट गुण असतात. पेपरात सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणून अकरावी आरामात घालवू नये. ज्याचा हात कामात चालतो त्याला दहावीनंतर आयटीआय किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मेडिकल दुकान काढायचे असेल तर बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी. फार्म. आहे. हिशेबात रस असेल तर कॉमर्स कमी प्रतीचे नाही. बीबीए-बीसीएला मात्र २०२४ पासून सीईटी द्यावी लागते. धाराशिवला २०२२ पासून शासकीय मेडिकल कॉलेजही आहे, त्यासाठी नीट परीक्षा.

अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. यादीत ‘वाशी’ दिसले म्हणून घाईने बटण दाबू नये. नवी मुंबईतही वाशी आहे. जिल्हा धाराशिव असल्याची खात्री करूनच पसंती भरावी. फॉर्म सेवा केंद्रात भरला तरी मूल शेजारी बसलेले असावे, आणि मोबाइल नंबर घरचाच द्यावा, दुकानदाराचा नव्हे. मागून येणारे निरोप त्याच नंबरवर येतात.

आमची शेवटची विनंती एवढीच. येत्या जुम्याला नमाजनंतर मशिदीच्या आवारात दहा मिनिटे बसा. कोणाचे मूल नववीत, कोणाचे अकरावीत, कोणाच्या घरी आजोबांचा जुना दाखला पेटीत पडून आहे, याची यादी करा. एका भावकीला लागलेला कागद दहा घरांच्या उपयोगी पडतो. माल वेळेवर भरला तर बरकत येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तोच नियम मुलांच्या शिक्षणाला लावा. इन्शाअल्लाह, पुढच्या जूनमध्ये रांगेत धावण्याऐवजी मिठाई वाटण्याची वेळ येईल.